आमच्या गल्लीचा थोडक्यात परिचय

वालेट्टा, ९ जानेवारी २०१७

डोलोर,

अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. अबोला मोडलेला नाही. तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, लिहायचं नाही असं कधी ठरवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आपलं शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होणार आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. म्हणजे इतकी शतकं इथे संस्कृती नव्हती, ती आता सरकार आणून बसवणार. नगर कार्यालयातल्या कुणी रोमिना शुएरेबबाई परवा धापा टाकत माझा जिना चढून आल्या. प्रत्येक गल्लीतल्या रहिवाशांनी आपल्या गल्लीचा आणि शहराचा एक पानभर परिचय लिहायचा आणि तो पुस्तकात छापला जायचा, अशी त्यांची योजना आहे. आपल्या गल्लीत हॉटेलं वगळली तर माणसांची घरं उरली दोन, एक माझं आणि एक समोरचं तुझं. मी म्हटलं, "बाई, माणूस मी एकटीच. समोर माझी भावजय राहते." त्यांना ते कळलं नाही. दोघींच्या सह्या लागतील म्हणाल्या.

तेव्हा मी लिहिते, तू सही कर. मसुदा असा:

'वालेट्टा हे समुद्राकाठचं ऐतिहासिक राजधानीचं शहर. तुर्कांचा वेढा उठल्यावर इथल्या ख्रिस्ती सरदारांनी ते बांधलं आणि पायऱ्या जरा सढळ हाताने केल्या, कारण चढउतार करायला त्यांच्याकडे नोकर होते. शहराचा खरा धनी संत पॉल. त्याचं जहाज या बेटापाशी फुटलं, म्हणून तो इथे आला. दहा फेब्रुवारीला त्याची मूर्ती खांद्यांवरून निघते, तेव्हा गॅलऱ्यांतून लाल रेशमी पडदे सोडतात आणि गच्च्यांवरून कागदांचा पाऊस पाडतात. शहरात इतरही काही संतांचे किरकोळ उत्सव होतात.'

सही करून उद्या सकाळी दोरीच्या टोपलीतून खाली सोड. पाववाला वेन्झू तुझ्या टोपलीतून काढून माझ्या टोपलीत टाकेल. त्याला वाचू देऊ नकोस.

झेझा

&nbsp;

वालेट्टा, ११ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र पावाखाली ठेवल्यामुळे पिठात लोळून आलं. वेन्झूने ते वाचलंय. 'किरकोळ उत्सव' असं म्हणून तो खाली उभा राहून हसत होता. तो आमच्या संत डॉमिनिकच्या वस्तीतला आहे, हे तुम्ही विसरलात वाटतं.

तुम्ही काहीच विसरत नाही म्हणा. तुमच्या भावाने मला मागणी घातली तेव्हा तुमच्या आईने काय विचारलं होतं? "मुलगी ख्रिस्ती आहे, की डॉमिनिकवाली?" माझं माहेर इथून दोन गल्ल्या खाली. तरी लग्नात तुमची मावशी मला म्हणाली, "इतक्या लांबून आलीस, करमेल ना गं?"

माझी सही मिळणार नाही. माझा मसुदा पाठवते, तुम्ही सही करा:

'वालेट्टा समुद्राकाठी आहे असं म्हणतात. आमच्या खिडकीतून हातभर समुद्र दिसायचा, पण आता सकाळी त्याच्यापुढे जहाज येऊन उभं राहतं. पूर्वी जहाजं फुटून संत यायचे. हल्ली ती धडधाकट येतात आणि चार हजार माणसं उतरवतात. ही माणसं दोन चर्चं बघतात, एक आइस्क्रीम खातात आणि जेवायला जहाजावर परत जातात. भर दुपारी बाराला तटावरून तोफ उडते. शत्रू कुणी उरलेला नाही, त्यामुळे ती ऐकून कबुतरं उडतात. इथल्या घरांची हॉटेलं झाली आहेत आणि एका पाटीवर लिहिलंय की इथे आजीच्या खोलीत राहिल्याचा अनुभव मिळेल. आमची आजी त्या मापाच्या खोलीत सात जणांत झोपायची. तो अनुभव मागितला तर देत नाहीत.'

संत कुठलेच घातले नाहीत, म्हणजे वाद नको.

डोलोर

&nbsp;

वालेट्टा, १४ जानेवारी

डोलोर,

संतांशिवाय वालेट्टा! मग उरलं काय, कबुतरं? तू लिहिलंस ते वाचून माणूस जहाजातून उतरणारच नाही. तेवढं एक चांगलं होईल म्हणा.

पण मला वेगळंच विचारायचंय. चार दिवस तुझ्या दारातून खोकी बाहेर पडतायत. तुझा लेक नाझ्यू मोस्टा गावाहून गाडी घेऊन येतो, खोकी भरतो आणि वर मान करून आत्याला हात हलवायचंही विसरतो. मला काय कळत नाही का? तुलाही पाहुणे ठेवायचे डोहाळे लागलेत. खोल्या रिकाम्या करशील, भिंतीला पांढरा रंग देशील, दारात एक कुंडी ठेवशील आणि आजीचा अनुभव विकशील. सत्तरीत धंदा सुचला बाईला!

त्यात काल चेन्सूची वेताची खुर्ची गाडीत चढताना बघितली. माझ्या भावाची खुर्ची. आता तिच्यावर कुठल्या गावचे पाहुणे बसणार आहेत ते तरी कळव.

झेझा

&nbsp;

वालेट्टा, १५ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

खोक्यांत जुन्या चिंध्या आहेत. घरात उंदीर झालेत. खुर्ची विणायला दिली.

तुम्ही गॅलरीच्या काचेला नाक लावून बसता ते इथून दिसतं. काच पुसत जा, तुम्हालाही नीट दिसेल.

परिचयात दोन्ही संत घाला, पॉल आधी घाला. वयाने मोठे आहेत. पण 'किरकोळ' हा शब्द काढल्याशिवाय सही नाही.

डोलोर

&nbsp;

नगर कार्यालय, संस्कृती विभाग
वालेट्टा, २० जानेवारी

श्रीमती झेझा आणि श्रीमती डोलोर यांस,

सप्रेम नमस्कार. आपला परिचय अद्याप मिळालेला नाही, तरी लवकर पाठवावा.

येत्या गुरुवारी आमचे छायाचित्रकार आपल्या गल्लीत येत आहेत. पुस्तकासाठी अस्सल वालेट्टाचं चित्र हवं आहे. पाहुण्यांना इथल्या गॅलऱ्यांतलं वाळत घातलेलं धुणं फार आवडतं, असं पाहणीत दिसून आलं आहे. तरी त्या दिवशी दोघींनी आपापल्या गॅलरीत धुणं घालावं ही विनंती. पांढऱ्या चादरी असल्यास उत्तम. आतले कपडे कृपया नकोत. प्लास्टिकचे चिमटे चित्रात बरे दिसत नाहीत, म्हणून लाकडी चिमटे कार्यालयातर्फे पुरवले जातील.

आपली,
रोमिना शुएरेब

&nbsp;

वालेट्टा, २३ जानेवारी

डोलोर,

अभिनंदन. तुझ्या चादरींना सरकारी मान्यता मिळाली.

रोमिनाबाईंनी दोघींना सारखीच विनंती केली हा तुझ्यावर अन्याय आहे. या कामात तुझा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. दहा फेब्रुवारी दोन हजार सहा. मूर्ती वळणावर आली होती, दिवे लागले होते, बँड वाजत होता, सगळ्या गॅलऱ्या लाल झाल्या होत्या आणि माझ्या भावाच्या कठड्यावर काय होतं? दोन चादरी आणि एक पट्ट्यापट्ट्यांची विजार! संध्याकाळी धुणं कोण घालतं गं? सकाळी घातलं असतं तर मी म्हटलं असतं, विसरली. तू ते मूर्ती येण्याआधी थोडाच वेळ बाहेर आणलंस. मी डोळ्यांनी बघितलं.

चेन्सूने सव्वीस वर्षं तो संत खांद्यावर वाहिला. त्याच्या उजव्या खांद्यावर पावाएवढा गोळा आला होता आणि तो गोळा तो पदकासारखा मिरवायचा. त्या वर्षी कंबर धरली म्हणून तो गेला नाही, पडून आहे, भेटायला येऊ नका, एवढंच तू आम्हाला दारातून सांगत राहिलीस. आणि त्याच वर्षी तू त्याच्या संताला विजार दाखवलीस! मी सगळ्यांदेखत ओरडले, "लाज नाही वाटत, डॉमिनिकच्या पोरी? माझ्या भावाच्या घरात राहून त्याच्याच देवाला चिंध्या दाखवतेस?" त्याचा मला अजून पश्चात्ताप नाही.

मे महिन्यात तो गेला. माझ्या सख्ख्या भावाचं दुखणं मला कळलं ते खाली रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला तेव्हा. म्हणून मी बोलत नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

झेझा

&nbsp;

वालेट्टा, २७ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

काल मी काही वाळत घातलं नाही. तुम्ही मात्र चार चादरी घातल्यात, त्याही सरकारी चिमटे लावून. छान दिसत होत्या. नीळ जरा जास्त झाली होती.

तुम्ही सांगितलंत, आता मीही सांगते. अकरा वर्षं सांगितलं नाही, कारण आधी त्यांनी शपथ घातली होती. नंतर तुम्ही मला गल्लीभर अशी काही वाजवलीत की शपथ मोडायची इच्छाच राहिली नाही. तुम्ही मला कधी 'का' म्हणून विचारलं नाहीत, थेट निकाल देऊन टाकलात.

कंबर नव्हती धरली. डिसेंबरात डॉक्टरांनी पोटातलं दुखणं सांगितलं होतं. फेब्रुवारीपर्यंत ते निम्मे झाले होते आणि खांद्यावरचा तो गोळाच काय तो अंगावर दिसायचा. पण मूर्ती बघायची होती. आत बसून नाही, गॅलरीत बसून. मी म्हटलं, बसा ना, कोण अडवतंय. तर म्हणाले, "मला असं बघितलं तर माझ्याबरोबर मूर्ती वाहणारी माणसं थांबतील. मूर्ती माझ्याकडे वळवतील. बँड थांबेल, सगळी गल्ली वर बघेल आणि सगळे रडतील. मला ते नको. मला नुसतं बघायचंय."

मग त्यांनीच सुचवलं, कठड्यावर चादरी टाक. वेताची खुर्ची मी चादरींच्या मागे लावली. दोन चादरींच्या मधे फट राहत होती, तिथून खालून डोकं दिसलं असतं, म्हणून विजार टाकली. तीही त्यांनीच टाकायला लावली. म्हणाले, "विजारीकडे कुणी टक लावून बघत नाही."

तुम्ही सोडून.

तुम्ही ओरडलात ते सगळं त्यांनी ऐकलं. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं, तर चादरीमागे बसून हसत होते. पोटाला हात लावून हसत होते, दुखत होतं तरी. म्हणाले, "झेझा अगदी आईवर गेलीय." मग मूर्ती समोरून गेली. ती त्यांनी वळणाआड होईपर्यंत बघितली. त्या दिवसानंतर ते पुन्हा तसे हसले नाहीत. त्यामुळे वन्सं, तुम्हाला पश्चात्ताप नाही हे बरंच आहे. माझाही तुमच्यावर राग आहे तो ओरडण्याचा नाही. त्यांना पुरल्यावर तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवलीत, त्याचा आहे.

आणखी एक. घरात उंदीर नाहीत. आमचं भाड्याचं घर ज्या बॅरनचं, त्या जुन्या उमरावाचे वारस चाळीस वर्षं एकमेकांशी भांडत होते, म्हणून आम्ही सुखात होतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा समेट झाला. एवढी प्रेमळ माणसं मी बघितली नाहीत, एकदिलाने सगळ्यांनी घर हॉटेलवाल्याला दिलं. चार फेब्रुवारीला मी मोस्टाला नाझ्यूकडे जाते. तिथे लिफ्ट आहे, गाड्या लावायला जागा आहे, आणि समुद्र कुठल्याच खिडकीतून दिसत नाही.

परिचयावर तुम्ही एकट्याच सही करा. 'किरकोळ' ठेवलंत तरी चालेल.

डोलोर

&nbsp;

वालेट्टा, १ फेब्रुवारी

डोलोर,

पाच दिवस तुला लिहायला बसते आणि कागद फाडते. वेन्झू रोज खालून ओरडतो, "आज पण नुसता पावच का?"

तू दुष्ट आहेस. हे आधी लिहून टाकते, कारण अकरा वर्षं मी हे म्हणत आले आणि आता एकदम थांबायला जमत नाही. माझा भाऊ माझ्यापासून दहा हात अंतरावर बसला होता आणि मी त्याच्याकडे बघून ओरडत होते! तू मला दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं होतंस. त्याने शपथ घातली म्हणून काय झालं, त्याच्या कितीतरी गोष्टी तू ऐकायची नाहीस.

काल रात्रभर मी रडले. तो हसला हे तू मला लिहिलंस, त्याचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही. मी तुझ्याकडे पाठ फिरवली, ते चुकलं. तू आत्ता वाचतेयस ना? परत लिहिणार नाही.

आता कामाचं. माझ्या घराच्या खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. न्हाणीघर वेगळं, स्वयंपाकाची चूल वेगळी, दार गल्लीत उघडतं. तू मोस्टाला जायचं नाहीस. तिथे कोण ओळखतं तुला? तुझ्या नातवंडांना तुझा संत कोण ते तरी माहीत आहे का? आणि मी इथे काय करू? सकाळी उठून समोर बघायचं आणि तोंड फिरवायचं, ही माझी रोजची सवय. समोर हॉटेल झालं तर मी अबोला धरायचा कुणाशी? आठवड्याला बदलणाऱ्या जर्मनांशी? त्यांना कळणारसुद्धा नाही की मी बोलत नाहीये.

तुझ्या सोयीसाठी लिहिलेलं नाही हे. माझ्या सोयीसाठी आहे.

झेझा

&nbsp;

वालेट्टा, ३ फेब्रुवारी, सकाळी

वन्सं,

मला दया चालत नाही. नाझ्यूने उद्याची गाडी सांगितली आहे. शिवाय तुमच्या खालच्या खोलीत ओल आहे, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

आणि समजा आलेच, तर ऑगस्टमध्ये काय? आमच्या डॉमिनिकचा पडदा मी कुठून सोडायचा?

डोलोर

&nbsp;

त्याच दिवशी

ओल मे महिन्यात वाळते. दया तुझ्यावर कोण करतंय?

पडदा माझ्या गॅलरीतून सोड. मी त्या दिवशी डोळे मिटून बसेन.

झेझा

&nbsp;

त्याच दिवशी

डोळे मिटून चालणार नाही. पडदा सोडायला दोन माणसं लागतात. वरचं टोक तुम्ही धरायचं.

डोलोर

&nbsp;

त्याच दिवशी

बायांनो, माझे पाव थंड झाले. अजून तीन गल्ल्या राहिल्यात. तुम्ही दहा हातांवर आहात, एकमेकींना हाक मारायला काय होतं?

वेन्झू

&nbsp;

वालेट्टा, १४ फेब्रुवारी २०१७

श्रीमती रोमिना शुएरेब यांस,

आमच्या गल्लीचा परिचय सोबत देत आहोत. उशीर झाला, कारण दोघींना एकाच टेबलाशी बसून लिहावा लागला.

'वालेट्टा हे समुद्राकाठचं ऐतिहासिक राजधानीचं शहर आहे. समुद्र बघायचा असेल तर जहाज यायच्या आत उठावं. शहराचे धनी दोन आहेत, संत पॉल आणि संत डॉमिनिक. (एक धनी आणि एक पाहुणा, असं झेझाचं म्हणणं आहे. पाहुण्याला चारशे वर्षं झाली, असं डोलोरचं.) दहा फेब्रुवारीला पॉलची मूर्ती निघाली. तिला वाहणाऱ्यांच्या खांद्यांवर गोळे येतात आणि त्यांच्या बायका ते गोळे तेल लावून चोळतात, हे कुठल्याच पुस्तकात लिहीत नाहीत, म्हणून इथे लिहिलं आहे. या वर्षी आमच्या गल्लीतून एकच लाल पडदा सुटला. इतर घरांतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, ते बरं दिसलं नाही. आमच्याकडे मूर्ती आली की टाळ्या वाजवत नाहीत, ओरडतात. आम्ही ओरडून दाखवलं.

शहरात पायऱ्या फार आहेत. ज्यांना गुडघे आहेत त्यांनी खालच्या मजल्यावर राहावं. वरच्या मजल्यावरचं माणूस मग वरून सूचना देतं: पाव कुठला घे, दार लाव, मासा वास मारतोय. (सूचना नसतात, सल्ला असतो. — झेझा) इथे धुणं गॅलरीत वाळत घालतात. ते कुणाला दाखवायला घालत नाहीत. त्याच्यामागे काय आहे ते विचारायचं असेल तर जिना चढून यावं, खालून फोटो काढू नये.

इथे राहणारी माणसं कमी झाली आहेत. जी आहेत ती एकमेकांशी भांडतात, त्यामुळे गल्ली भरल्यासारखी वाटते.'

हे जसंच्या तसं छापावं. फोटोत चादरींना नीळ जास्त दिसत असेल तर ती कमी करता येते का, अशी एकीची चौकशी आहे.

पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात. एका प्रतीत आमचं भागणार नाही. पत्ता मात्र आता दोघींचा एकच आहे.

झेझा
डोलोर